झरा वर की हौद वर?

आंजर्ल्याला जायचे म्हणजे पूर्वी खाडी ओलांडावी लागे. हर्णैपर्यंत एस.टी.ने यायचे, पाजपंढरीच्या अंगाने खाडीकाठ गाठायचा, चपला हातात घ्यायच्या आणि होडीत बसायचे. ओहोटी असली की होडी चिखलात रुतून बसलेली असे. मग गाठोडी-बोचकी सांभाळीत काठावर भरतीची वाट पाहायची. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला धडा हा असे : पाणी कधी चढेल आणि कधी उतरेल, हे घड्याळाला विचारू नये, होडीवाल्याला विचारावे. आता खाडीवर पूल झाला आहे. पुण्याहून पहाटे निघालेली मोटार दुपारच्या जेवणाला थेट घराच्या बेड्यापाशी येऊन उभी राहते. सोय झाली खरी. पण तो धडा मात्र मी पार विसरून गेलो होतो. गेल्या वैशाखात तो मला पुन्हा गिरवावा लागला, आणि तोही भलत्याच ठिकाणी.

गावाची मांडणी मोठी सुबक आहे. पश्चिमेला समुद्र आणि वाळूची पुळण. मग माडापोफळींची आगरे. आगरांतून गेलेला अरुंद रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे आणि उतरत्या छपरांची घरे. आणि घरांच्या पाठीशी एकदम उठलेला डोंगर. डोंगराच्या माथ्यावर कड्यावरचा गणपती. मूर्ती उजव्या सोंडेची. आजचे देऊळ १७६८ ते १७८० या काळात झालेल्या जीर्णोद्धाराचे आहे. देवळासमोर तळे आहे, आणि कठड्याशी उभे राहिले की खाली आगरांचा हिरवा पट्टा, पलीकडे हर्णै आणि समुद्रात बसलेला सुवर्णदुर्ग असा सारा देखावा एका नजरेत मावतो.

या देवळाची कथा गावातले लहान मूलही सांगते. पूर्वी देऊळ खाली समुद्रकाठी होते. समुद्र पुढे पुढे सरकू लागला, तेव्हा देव तिथून उठले, एक पाऊल मध्ये टेकले आणि डोंगरावर जाऊन बसले. जुन्या पायवाटेवर खडकातले ते पाऊल दाखवतात. लहानपणी मला त्या पावलाचेच नवल वाटे. आता वाटते, की ही कथा मुळात उंचीची आहे. समुद्र किती वर येईल आणि आपण किती वर असलेले बरे, हा या गावाचा जुनाच हिशेब आहे.

मी गेलो होतो ते मात्र देवदर्शनाच्या निमित्ताने नव्हे. पाण्याचा प्रश्न होता.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, डोंगराच्या पायथ्याशी राहतो. घरामागे पाण्याचा हौद आहे, त्यातून पाट आगरात जातात. आजोबांच्या काळी डोंगराच्या कुशीतल्या एका झऱ्याचे पाणी पाटाने हौदात येत असे. पुढे विहिरीवर विजेचा पंप बसला. बटण दाबले की पाणी! झऱ्याकडे मग कोण जातो? पाट ढासळला, त्यावर करवंदीच्या जाळ्या माजल्या. वीस वर्षांपूर्वी दादाने जुना हौद मोडला आणि नवा जरा वरच्या अंगाला बांधला.

मग ३ जून २०२० चा दिवस आला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि दापोली तालुक्याच्या या पट्ट्यालाही त्याने झोडपून काढले. दादाच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले आणि कित्येक दिवस वीज आली नाही. पंप मुका झाला. त्या दिवसांत वहिनींनी विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदले. घरात म्हातारे तात्या, दावणीला दोन गुरे, आणि जगलेली थोडी रोपे. वहिनींचा उजवा खांदा तेव्हापासून जो दुखावला तो अजून धड झालेला नाही. आता नव्या पोफळी लावल्या आहेत. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात, आणि तोवर तिला तहानेले ठेवून चालत नाही. पावसाळ्यात वीज जाणे हे तर कोकणात नेमाचेच.

म्हणून झऱ्याची आठवण झाली. पण नवा हौद वर बांधलेला. झऱ्याचे पाणी तिथपर्यंत आपसूक येईल का? झरा हौदावरून दिसत नाही. वाट आधी चढते, डोंगराची एक सोंड ओलांडते आणि पलीकडच्या घळीत उतरते. किती चढलो आणि किती उतरलो, याचा अंदाज डोळ्यांना लागत नाही. दम लागतो म्हणून चढ मोठा वाटतो, आणि उतार पायांना कळतच नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. झऱ्याच्या अंगाची ती वरची पट्टी एका शहरी गिऱ्हाइकाने मागितली होती. समुद्र दिसणारा बंगला बांधायचा त्याचा विचार. दादाने त्याला रविवारपर्यंतची मुदत दिली होती. पाणी खाली येत असेल तर जमीन विकायची नाही. येत नसेल तर विकून टाकायची आणि विहिरीवर डिझेलचा पंप बसवायचा, असे त्याने ठरवले होते. मी पोहोचलो तो गुरुवार.

दादाचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने मित्राकडून हातात मावणारे जी.पी.एस. यंत्र आणले होते. चष्म्याच्या घरापेक्षा थोडे जाड, पिवळ्या काठाचे, वर छोटासा पडदा. गिर्यारोहक मंडळी असली यंत्रे जवळ बाळगतात. "काका, आता वाद नको. यंत्र सांगेल ते खरे," असे म्हणून त्याने मला हौदाशी नेले.

हौदावर माडांची गर्द सावली. यंत्राने उंची दाखवली २१ मीटर. आम्ही लिहून घेतली. पाहतो तो २७. मग ३९. पुन्हा ३०. आम्ही दोघे तसूभरही हललो नव्हतो!

पुतण्या जरा ओशाळला. पण अभियंत्याचा मुलगा म्हणा की होणारा अभियंता म्हणा, त्याने कारण नीट समजावून सांगितले. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरांवरून हे उपग्रह फिरत असतात. त्यांच्याकडून आलेल्या संदेशांना किती वेळ लागला यावरून यंत्र आपले अंतर काढते, आणि निदान चार उपग्रह दिसले की आपली जागा आणि उंची ठरवते. आडव्या दिशेने हिशेब बरा जमतो, कारण उपग्रह चहूबाजूंना असतात. एकाची चूक दुसरा सावरतो. उभ्या दिशेला मात्र सगळे उपग्रह डोक्यावरच. पायाखाली पृथ्वी आडवी येते, तिकडून कोणी साक्ष द्यायला नाही. त्यामुळे उंचीतली चूक जागेतल्या चुकीच्या दीडपट-दुप्पट सहज होते. त्यात झावळ्यांनी संदेश अडवलेले, कड्यावर आपटून आलेले. उघड्या कातळावर हेच यंत्र शहाण्यासारखे वागते. आगरात ते गोंधळते.

"पण याच्यात दुसरीही सोय आहे," तो म्हणाला. यंत्रात हवेचा दाब मोजणारा एक बारीक वायुभारमापकही असतो. वर जावे तशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. समुद्रसपाटीच्या आसपास १ मिलिबार दाब उतरला की साधारण साडेआठ मीटर चढण झाली असे समजावे. हा आकडा झावळ्यांना भीत नाही, आणि मीटर-दोन मीटरांचा फरकही टिपतो. त्याने यंत्र त्या मापावर लावले आणि त्यातली आपोआप दुरुस्तीची सोय बंद केली. आकडा शांत झाला. दुपारचे चार वाजले होते. हौद : ५२ मीटर.

तेवढ्यात चहाची हाक आली आणि अंधारात घळीत उतरणे नको म्हणून झरा दुसऱ्या दिवशीवर गेला. शुक्रवारी सकाळी न्याहारी आटोपून, दहाच्या सुमारास आम्ही झऱ्याशी पोहोचलो. जागा मोठी रम्य. वर जांभ्याचा कातळ, खाली चिकण मातीचा थर आणि त्याखाली काळा दगड. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पावसाचे पाणी चिकण थरावर अडते आणि कडेने बाहेर पडते. वैशाखातही करंगळीएवढी धार चालू होती. दहा लिटरची बादली भरायला दोन मिनिटे लागली. मी मनात हिशेब केला : मिनिटाला पाच लिटर, म्हणजे रात्रंदिवस मिळून ७,२०० लिटर! साऱ्या आगराला ते पुरणार नाही. पण घर, गुरे आणि नवी रोपे त्यावर निभावतील.

पुतण्याने यंत्र धारेशी धरले. ३८ मीटर.

हौद ५२, झरा ३८. झरा हौदाच्या १४ मीटर खाली!

घरी येऊन दादाला सांगितले. तो काही बोलला नाही. ओटीवरच्या खुंटीला टोपी लावली आणि आत गेला. तात्या मात्र खवळले. तात्या म्हणजे दादाचे आणि माझे धाकटे काका, वय ब्याऐंशी. "मेल्यांनो, त्या झऱ्याचे पाणी मी या हातांनी पाटात वळवले आहे. पाणी काय डोंगर चढून येत होते?"

"आजोबा, तेव्हाचा हौद खाली होता," पुतण्या म्हणाला.

"पण चौदा मीटर खाली नव्हता रे! दोन पुरुष खाली असेल."

यंत्राला तात्यांचे म्हणणे ऐकू जात नव्हते. दादाने गिऱ्हाइकाचा नंबर शोधायला घेतला.

संध्याकाळी मन रमवायला आम्ही पुळणीवर गेलो. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूत पाय रोवून पुतण्याने आपला फोन काढला आणि त्यातल्या एका सोयीत नुसती उपग्रहांची उंची पाहिली. फोन म्हणाला, उणे साठच्याही खाली! म्हणजे आम्ही समुद्राकाठी उभे असून समुद्राच्या साठ मीटर खाली होतो. मला हसू आवरेना. पण यात यंत्राची चूक नव्हती. उपग्रहांचा हिशेब पृथ्वी हा एक गुळगुळीत, दोन टोकांना किंचित चपटा गोळा आहे असे धरून होतो. खरा समुद्र तसा बसत नाही. पृथ्वीच्या पोटातले वजन सगळीकडे सारखे नाही, म्हणून गुरुत्वाकर्षण सारखे नाही, आणि पाण्याचा पृष्ठभाग कुठे फुगलेला, कुठे खचलेला असतो. जगातला सर्वांत मोठा खळगा आपल्याच हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे; तिथे समुद्राची सपाटी त्या कल्पित गोळ्यापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली बसते. कोकणचा किनारा त्याच खळग्याच्या उतरणीवर आहे. हातातल्या जी.पी.एस. यंत्रात हा फरक काढून टाकणारा तक्ता भरलेला असतो. फोनच्या त्या सोयीत तो नव्हता, एवढेच.

मग 'समुद्रसपाटीपासूनची उंची' म्हणून आपण शाळेत जे पाठ केले ते कुठल्या समुद्राच्या? तो तर दिवसातून दोनदा चढतो आणि उतरतो. आपल्या सर्वेक्षण खात्याने त्यावर तोड काढली होती. मुंबईच्या अपोलो बंदरापासून कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणपर्यंत नऊ बंदरांत वर्षानुवर्षे भरती-ओहोटीची मोजणी केली, सरासरी काढली आणि १९०९ साली तिच्या आधाराने देशभरच्या उंचीच्या खुणा पक्क्या केल्या. म्हणजे तिथेही एक धडा होताच : चंचल वस्तूवरून मोजायचे असेल, तर ती किती हलते ते आधी मोजून ठेवावे. पण त्या संध्याकाळी तो माझ्या डोक्यात शिरला नाही. भरतीचे पाणी पायांशी आले तरी शिरला नाही.

शनिवार उजाडला. पुढचा शोध लावला तो वहिनींनी.

यंत्र ओटीवरच्या झोपाळ्यावर चालूच राहिले होते. वहिनी सकाळभर खळ्यात फणसपोळीची ताटे उन्हात घालीत होत्या, आणि किती वाजले ते पाहायला अधूनमधून त्या पडद्याकडे नजर टाकीत होत्या. दुपारच्या चहाला त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमचे यंत्र बिघडले वाटते. सकाळी दहाला यात १९ होते. जेवताना पाहिले तर ३१. आता चार वाजता ४३ झालेत. झोपाळ्यावरून कोणी हलवलेले नाही हो."

आम्ही वामकुक्षी करीत होतो तेवढ्यात आमचे घर चोवीस मीटर वर चढले होते!

पुतण्या ताडकन उठला. "काका, हवेचा दाब! दिवसभरात तोच उतरला. यंत्राला वाटले आपणच वर चढलो."

गोष्ट जुनी आहे, आम्हीच विसरलो होतो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरल्या वेळी चढतो आणि उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त, पहाटे चारला आणि दुपारी चारला सर्वांत कमी. सूर्याच्या उष्णतेने साऱ्या वातावरणाला हे हेलकावे बसतात. वादळवारा नसेल तर हा क्रम इतका नेमाने चालतो, की जर्मन शास्त्रज्ञ हंबोल्ट दक्षिण अमेरिकेत फिरत होता तेव्हा त्याला वायुभारमापकावरून दिवसाची वेळ सांगता येईल असे वाटले. आपल्याकडे दिवसाचा हा फरक ३-४ मिलिबारांपर्यंत जातो. मिलिबाराला साडेआठ मीटर धरले तर पंचवीस-तीस मीटर! गुरुवारी दुपारी चारला हौद मोजला, तेव्हा तो दाबाच्या ओहोटीत होता आणि उंच दिसला. शुक्रवारी सकाळी दहाला झरा मोजला, तेव्हा तो भरतीत होता आणि बुटका दिसला. दोन वेगवेगळ्या समुद्रांवरून आम्ही दोन उंची मोजल्या आणि त्यांची वजाबाकी केली!

तात्या झोपाळ्यावर येऊन बसले होते. त्यांना हे सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला.

"म्हणजे हवेलाही भरती-ओहोटी असते म्हणायची."

"असते, आजोबा. फक्त ती चंद्राची नाही, सूर्याची. म्हणून समुद्राच्या भरतीसारखी रोज पाऊण-एक तास पुढे सरकत नाही. रोज त्याच वेळेला."

"मग त्यात अवघड काय आहे? भरती चालू असताना खाडीची खोली घ्यायची असली तर आम्ही काय करू? काठाला एक काठी रोवू. होडीतून जाऊन खोली घ्यायची, परत येऊन काठीवर पाणी किती चढले ते बघायचे आणि तेवढे वजा करायचे. जिथून निघालास तिथे परत येऊन बघ, म्हणजे कळेल."

तात्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांनी जे सांगितले ते ३७० वर्षांहून अधिक काळापूर्वी एका फ्रेंच माणसाने केलेले आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यूय-द-दोम नावाच्या डोंगरावर चढला. वर पारा सुमारे तीन इंच खाली आला. हवेला वजन असते हे त्या दिवशी जगाला दिसले. पण त्याचे खरे शहाणपण खाली होते. पायथ्याच्या मठाच्या बागेत त्याने दुसरी नळी ठेवली आणि एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवून बसवले. खालचा पारा दिवसभर जागचा हलला नाही असे साधूने सांगितले, म्हणूनच वरचा फरक उंचीचा ठरला. आमच्याकडे तो साधू नव्हता. वहिनी होत्या, पण त्यांचे म्हणणे आम्ही शनिवारपर्यंत विचारलेच नव्हते.

दादाने गिऱ्हाइकाला फोन करून रविवारची सकाळ तेवढी मागून घेतली.

रविवारी आम्ही तात्यांच्या पद्धतीने निघालो. साडेसात वाजता हौद : ३३ मीटर. न थांबता झऱ्याकडे. सात पंचावन्नला झरा : ४२. तसेच मागे. आठ वीसला पुन्हा हौद : २९! पन्नास मिनिटांत हवा चार मीटरांनी फिरली होती. झऱ्याशी होतो ती वेळ बरोबर मधली. तेव्हा हौद ३१ दिसला असता. ४२ वजा ३१, म्हणजे अकरा. झरा हौदाच्या अकरा मीटर वर!

आणखी दोन खेपा घातल्या. एकदा दहा आले, एकदा अकरा. दादाचा चेहरा मी पाहत होतो. तो हसला नाही, पण खुंटीवरची टोपी काढून त्याने डोक्यावर घातली आणि म्हणाला, "आता मीही येतो."

हौदाची समुद्रसपाटीपासूनची खरी उंची ३३, २९ की ५२, हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही आणि त्याची गरजही पडली नाही. उतारावर राहणाऱ्याला तिचा उपयोगच काय? त्याला हवे असते ते हे याच्या किती वर आणि ते त्याच्या किती खाली. दोन्ही जागा थोड्या वेळाच्या अंतराने, एकाच हवेत मोजल्या की यंत्राची बरीचशी चूक दोन्हींत सारखीच पडते आणि वजाबाकीत निघून जाते.

पण एवढ्याने नळ घालता येत नाही. मध्ये डोंगराची सोंड होती. तिच्या माथ्यावरून गेलेली पायवाट यंत्राने झऱ्यापेक्षा तीन-चार मीटर उंच दाखवली. वाटेने नळी नेली तर पाणी उंचवट्यावर अडणार, नळीत हवा कोंडणार. सोंडेच्या नाकाडाला वळसा घालून जायला हवे. तिथे फरक हाताच्या मापाचा. आमच्या यंत्राची एकेका मीटराची चूक परवडणारी नव्हती. म्हणून दादाने गावातल्या गवंड्याकडून त्याची नळी आणली.

ही नळी पुण्या-मुंबईच्या वाचकांनीही बांधकामावर पाहिली असेल. पारदर्शक, पंधरा-वीस मीटर लांब, आत पाणी. दोन्ही टोके वर धरली की दोन्हींकडचे पाणी एका पातळीत उभे राहते, मग मध्ये झाड असो की गडगा. तिला उपग्रह लागत नाही की घड्याळ लागत नाही. फक्त आत बुडबुडा राहता कामा नये. वहिनींनी पाण्यात निळीचे दोन थेंब टाकून दिले, म्हणजे रेघ लांबून दिसते. दोन काठ्यांवर खुणा केल्या, एक काठी दादाकडे, एक पुतण्याकडे, वही माझ्याकडे. झऱ्यापासून हौदापर्यंत तेवीस टप्पे झाले. प्रत्येक टप्प्याचा उतार लिहायचा आणि बेरीज करायची. करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडले, दुपार टळली, वहिनींनी कोकमाचे सरबत तिथेच पाठवले. शेवटची बेरीज आली : १० मीटर ६० सेंटिमीटर.

आणि त्याच खटाटोपात जुना पाट सापडला. सोंडेच्या नाकाडाला नळीच्या पातळीने खुणा करीत आम्ही जाळीत शिरलो, तो पायाखाली चिऱ्यांची ओळ लागली. पुढे कोरलेल्या दगडी पन्हळीचा एक तुकडा. आमची निळी रेघ आणि आजोबांचा पाट एकाच उतारावरून चालले होते. त्यांच्याकडे ना यंत्र, ना नळी. पाणी सोडून, ते कुठे थांबते ते पाहत पाहत त्यांनी वाट काढली असणार. तात्यांना काठी धरून तिथवर आणले. त्यांनी खाली बसून पन्हळीतली माती बोटाने उकरली आणि बराच वेळ हात तसाच ठेवला.

संध्याकाळी दादाने गिऱ्हाइकाला नकार कळवला. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, पाणी निघाले असेल तर मीही विकली नसती.

मी निघालो तेव्हा एक इंची काळ्या नळीची वेटोळी खळ्यात येऊन पडली होती. मृगाच्या आधी ती पाटाच्या मार्गाने बसली. पुतण्या पुढच्या शिक्षणासाठी गेला; जी.पी.एस. यंत्र मित्राला परत गेले. त्याने टिपलेल्या वाटेचा नकाशा मात्र दादाने कागदावर काढून घेऊन ओटीवर चिकटवला आहे, पुढेमागे नळी कुठे गेली हे कोणी विचारले तर असावा म्हणून. त्या नकाशात झरा, सोंड आणि हौद आहेत, आणि हौदापाशी तात्यांनी आपल्या हाताने शून्य लिहिले आहे.

आषाढात एका रात्री वहिनींचा फोन आला. पावसाचा आवाज इतका, की मला ओरडून बोलावे लागले.

"भाऊजी, तीन दिवस वीज नाही आमच्याकडे."

"मग पाणी?"

"हौद काठोकाठ भरलाय आणि वरून वाहतोय. हे म्हणतात राहू दे, तात्या म्हणतात पाणी वाया घालवू नका. तुम्हीच सांगा, आता ते सोडायचे कुठे?"

मी म्हटले, "खांदा कसा आहे?"

"तो दुखतो अजून. पण पोहरा खुंटीवर आहे."